गांडुळाची बखर

मासे पकडायच्या एका पद्धतीला इंग्रजीत ‘ड्रॉपशॉट’ म्हणतात. आमच्या ऑफिसात रॉड आणि रील घेऊन दर वीकेंडला कुठल्या ना कुठल्या धरणाच्या पाण्यावर जाणारा एक प्राणी आहे, त्याच्याकडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. पद्धत सोपी आहे. एरवी गळाच्या दोरीला वजन वर आणि गळ खाली, अगदी टोकाला असतो. त्यामुळं गळ तळाशी जाऊन चिखलात लोळतो. ड्रॉपशॉटमध्ये नेमकं उलटं. शिसं टोकाला, आणि गळ त्याच्या वीत-दीड वीत वर, दोरीला काटकोनात उभा. शिसं तळाला टेकतं, आमिष मात्र तळाच्या वर अधांतरी वळवळत राहतं. काठीचं टोक जरासं हलवलं की वजन जागचं हलत नाही, फक्त गांडूळ नाचतं. यासाठी पालोमार नावाची गाठ असते, खास वजनं मिळतात, आणि त्या वजनांची किंमत ऐकून मी शांतपणे विषय बदलला होता.

ही पद्धत १९९० च्या दशकात जपानमधल्या तलावांवर रुळली. तिथे पाण्यापेक्षा गळ जास्त, त्यामुळं मासे भलतेच शहाणे झालेले. तिथून ती कॅलिफोर्नियातल्या बास पकडणाऱ्या स्पर्धकांनी उचलली आणि २००० च्या आसपास जगभर पसरली. इंटरनेटवर तिचा इतिहास विचारलात तर साधारण एवढाच मिळतो.

आता आचऱ्याला चला. मालवणच्या उत्तरेला, मालवण आणि देवगड तालुक्यांच्या सीमेवर आचऱ्याची खाडी आहे. माझं आजोळ तिथलं. घरामागं एक व्हाळ आहे. (घाटावरच्या वाचकांसाठी: व्हाळ म्हणजे ओढा. पण पावसाळ्यात त्याला ओढा म्हणून दाखवा!) दोन्ही काठांना केतकीची दाट बनं, वरून वाकलेली झाडं, खाली कुजलेल्या पानांचा थर. मामाची काठी चिवारीची, दोर म्हणजे तंगूस, म्हणजे साधा नायलॉन. टोकाला शिशाचा तुकडा किंवा तोही नसला तर बांधायला बरा असा लांबट दगड. आणि गरी त्याच्या वीतभर वर. असं उलटं का, हे लहानपणी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं होतं: “गरी तळाक गेली की कुर्ली खाता. मगे तू काय खातलंस?”

मुद्दा कळला ना? खाडीजवळच्या पाण्यात तळाशी खेकड्यांचं राज्य असतं. तळाला पडलेलं गांडूळ दोन मिनिटांत फस्त. शिवाय पानांच्या चिखलात ते माशाला दिसणार कसं? म्हणून वजन खाली, गरी वर. जपानी तलावावर शहाण्या माशासाठी जे केलं, ते इथे खादाड कुर्लीसाठी.

यावरून ‘ड्रॉपशॉटचा शोध मूळचा आमच्या कोकणात लागला’ असली फॉरवर्ड कृपया तयार करू नका. इंग्लंडातही वजन खाली आणि गळ वर अशी जुनी पद्धत आहे, तिला पॅटर्नॉस्टर म्हणतात. ख्रिस्ती जपमाळेवरून आलेलं नाव, कारण एका दोरीला माळेच्या मण्यांसारखे ठरावीक अंतरावर गळ बांधतात. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या दोन टीम्सनी एकच फंक्शन लिहावं, तसा हा प्रकार आहे. अडचण सारखी असली की उत्तरही सारखंच निघतं. माझी उत्सुकता वेगळीच आहे. जपानी पद्धतीचा इतिहास तीस-पस्तीस वर्षांचा, आणि तो लिहिलेला आहे. इंग्रजांच्या पद्धतीवर पुस्तकं आहेत. मामाच्या पद्धतीचा इतिहास कुठे आहे?

मी शोधायला लागलो. (डीबगिंगची सवय. लॉग सापडेपर्यंत चैन पडत नाही.) मालवण किनाऱ्याच्या इतिहासाला तोटा नाही. सिंधुदुर्ग किल्ला आहे, आंगऱ्यांचं आरमार आहे, वाडीकर सावंत आहेत, पोर्तुगीज आहेत. आचऱ्याच्या दक्षिणेला गड नदीच्या दोन काठांवर भरतगड आणि भगवंतगड एकमेकांकडे डोळे वटारून उभे आहेत. एक सावंतांचा, दुसरा बावड्याच्या पंत अमात्यांचा. त्यांची भांडणं नोंदलेली आहेत. मधून वाहणाऱ्या नदीत त्या काळी लोक काय पकडत होते, याची नोंद करावी असं कुणाला वाटलं नाही.

मासेमारीचे कागद नाहीत असंही नाही. मालवण ज्या जिल्ह्यात होतं त्या रत्नागिरीचं गॅझेटियर १८८० साली सावंतवाडीसह छापलं गेलं. (सिंधुदुर्ग जिल्हा त्यानंतर शंभर वर्षांनी, १ मे १९८१ ला झाला.) ब्रिटिश अधिकारी वस्तू मोजायला बसला की काही सोडत नसे. समुद्रातले मासे, होड्या, जाळी, ती टाकणारे समाज, सगळं तो लिहितो. जाळं तागाचं, ते झाडाच्या सालीत रंगवायचं, होडीला इतकी माणसं, मासा वाळवून घाटावर जातो. कारण उघड आहे. होडीवर कर होता, मिठावर कर होता, माडावर कर होता. जिथे कर, तिथे कारकून. जिथे कारकून, तिथे इतिहास.

गरी आणि गांडूळ यांच्यावर कुणी कर बसवला नाही. बसवणार तरी कसा? काठी बेड्यावरची, गांडूळ परसातलं, मासा जेवणापुरता. बाजारात काही येत नाही. पकडणारा ‘मच्छीमार’ही नाही. मच्छीमार म्हणजे गाबीत, खारवी, भोई, ज्यांचं पोट जाळ्यावर आहे ते. व्हाळावर गरी घेऊन बसणारी म्हणजे शाळेला दांडी मारलेली पोरं, शेतातून परत येणारा कुणबी, काठीवर भार टाकून चालणारे आजोबा. आणि हो, बायकाही. माझी आजी गरवण्यात मामापेक्षा तरबेज होती असं घरात सगळे मान्य करतात, मामा सोडून. ‘गरवणे’ हे क्रियापद कोकणाबाहेर फारसं ऐकू येत नाही. घाटावर गळ टाकतात, कोकणात गरी घालून गरवतात. पुण्यात हा शब्द वापरून बघा, समोरचा हमखास ‘मिरवणे’ ऐकतो.

पण गरीबाच्या गरीचा इतिहास नसला तरी राजाच्या गळाचा आहे, आणि तो थक्क करणारा आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. राज्यकाळ ११२६ ते ११३८. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. या राजानं ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, म्हणजे एकूण शंभर. त्यात राज्य कसं चालवावं इथपासून हत्ती कसे पकडावे, वडे कसे तळावे, गाणी कशी म्हणावी इथपर्यंत सगळं आहे. आपल्या अभ्यासकांना हा ग्रंथ प्रिय, कारण त्यातल्या गाण्यांमध्ये मराठीचे फार जुने नमुने सापडतात. पण यातल्या चौथ्या, विनोदांच्या विंशतीत ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक अध्याय आहे. विनोद म्हणजे जोक नव्हे, करमणूक. विषय: गळानं मासे पकडणे.

आणि हे वरवरचं वर्णन नाही. समुद्रातले मासे कुठले, नदीतले कुठले, खवल्यांचे कुठले, बिनखवल्यांचे कुठले, अशी वर्गवारी आहे. कुठल्या माशाला काय खायला घालायचं ते आहे. दोर कशाचा वळायचा, काठी कशी हवी, मासा लागल्यावर काय करायचं, सगळं आहे. थोडक्यात, युजर मॅन्युअल. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये ग. कृ. श्रीगोंदेकरांनी संपादित केला, पहिला खंड १९२५ साली निघाला. पुढं १९५१ मध्ये झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी या एका अध्यायावर स्वतंत्र लेख लिहिला. ते स्वतः माशांचे जाणकार, त्यामुळं श्लोकातल्या नावाखाली खरा मासा कुठला असेल याचा त्यांनी छडा लावायचा प्रयत्न केला. संस्कृत पंडिताला मासा ओळखता येत नाही आणि मासेवाल्याला संस्कृत येत नाही. दोन्ही येणारा माणूस मिळायला आठशे वर्षं लागली.

तुलनेसाठी सांगतो. इंग्रजीतलं गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक १४९६ चं, विंकिन द वर्ड या मुद्रकानं काढलेलं. आयझॅक वॉल्टनचं जगप्रसिद्ध ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ चं. सोमेश्वर त्या पहिल्या पुस्तकाच्याही साडेतीनशे वर्षं आधीचा. (हे मात्र फॉरवर्ड करायला हरकत नाही, खरं आहे.)

आता राजाकडं हे ज्ञान आलं कुठून? राजा काही चिखलात बसून शिकला नसणार. कुणीतरी नदीकाठचा माणूस, भोई असेल, कोळी असेल, दोर वळून दाखवत असणार आणि दरबारातला पंडित ते श्लोकात बसवत असणार. शंभर अध्यायांच्या ग्रंथावर नाव सोमेश्वराचं. माझ्या मते मत्स्यविनोदाचा खरा लेखक तो दोर वळणारा. सॉफ्टवेअरमध्ये आपण याला काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे, बोलायला नको.

मागं जायचं तर आणखी मागं जाता येतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी चांडोली गाव आहे. तिथे १९६० च्या आसपास डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. ताम्रपाषाण युगातली, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वस्ती. तिथल्या तांब्याच्या वस्तूंमध्ये खंजीर आहे, छिन्न्या आहेत आणि एक गळही आहे. तांबं त्या काळात स्वस्त नव्हतं, ते लांबून यायचं. तरीही कुणीतरी त्यातला एक तुकडा वाकवून मासा पकडायला ठेवला. हा तुकडा राहिला कारण तो धातूचा होता. काठी कुजली, दोर कुजला, गांडूळ तर त्याच दिवशी गेलं. पुरातत्त्वालाही कर गोळा करणाऱ्या कारकुनासारखीच खोड आहे. टिकतं तेवढंच त्याला दिसतं.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी सोबत रॉड आणली आणि हौसही आणली. याच किनाऱ्यावर खाली, दक्षिण कॅनरा जिल्ह्यात, हेन्री सलिव्हन थॉमस नावाचा मद्रास सिव्हिल सर्व्हिसचा अधिकारी होता. त्याचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली आलं. हिंदुस्थानात गळानं मासे धरणाऱ्या साहेबांचं ते बायबलच. पुस्तकाचा हिरो महसीर, घाटातल्या वाहत्या नदीतला दांडगा मासा. असल्या माशाला चमचा किंवा कृत्रिम माशी लावून खेळवायचं, ही साहेबी खेळाची शान. गांडूळ लावणं म्हणजे साहेबांच्या क्लबात लुंगी नेसून जाणं. इंग्लंडातही हीच उतरंड होती. माशी लावणारा उमराव, गांडूळ लावणारा गिरणी कामगार. त्यामुळं साहेबांनी लिहिलं भरपूर, पण गांडुळाच्या वाट्याला पुन्हा दुर्लक्षच. आमच्याकडच्या संतसाहित्यात गळ येतो, आमिष येतं, तेही लोभाचा दृष्टान्त म्हणून. माशाला मुक्तीचा उपदेश, गरवणाऱ्याला हिंसेचा ठपका, गांडुळाला कोण विचारतो.

तर मग गांडुळालाच विचारू.

चार्ल्स डार्विननं आयुष्यातलं शेवटचं पुस्तक गांडुळांवर लिहिलं, १८८१ साली. त्याच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करणारा फ्रिट्झ म्युलर नावाचा एक जर्मन निसर्गअभ्यासक दक्षिण ब्राझीलमध्ये राहायचा. या म्युलरनं तिथल्या एका गांडुळाचं वर्णन १८५७ साली केलं. आज त्याला पोन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस म्हणतात. कोरेथ्रुरस म्हणजे ‘केरसुणी-शेपट्या’, कारण शेपटीकडचे बारीक केस ब्रशसारखे दिसतात. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला जीव रोपांच्या मुळांना चिकटलेल्या मातीतून माणसाबरोबर जगभर फिरला. उष्ण प्रदेशात जिथे माणसानं जंगल मोडून बाग लावली, तिथे हा हजर. पश्चिम घाटाच्या लागवडीखालच्या मातीतही तो भरपूर सापडतो, मूळच्या देशी गांडुळांना बाजूला सारून.

काजू ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणला हे आपण शाळेत शिकतो. मिरची, अननस, पपई यांचंही मूळ अमेरिकेत. म्हणजे मालवणी माशाच्या आमटीत मिरची परदेशी, आणि काजूच्या बुंध्याशी माती उकरून काढलेलं, गरीला लावलेलं गांडूळ, तेही कदाचित त्याच खंडातलं. अस्सल देशी म्हणून छाती पुढं काढायला उरला फक्त मासा. बाकी, देशी गांडुळंही आहेत बरं का. एकाचं तर नावच मेगास्कोलेक्स कोंकणेन्सिस, १८९८ साली फेडार्ब या अभ्यासकानं ठेवलेलं. कोकणाच्या नावाचं गांडूळ आहे, आणि सव्वाशे वर्षं झाली तरी कुठल्या पर्यटन महामंडळाच्या पोस्टरवर आलेलं नाही!

आता गांडूळच का? शेण, पीठ, कोलंबी का नाही? उत्तर पावसात आहे. मृग लागला की समुद्र खवळतो, होड्या वर ओढतात, माडाच्या झावळ्यांखाली झाकतात. आज महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी असते, पण तिच्या कितीतरी आधीपासून पावसाळ्यात समुद्र बंदच असायचा. नारळी पौर्णिमेपर्यंत ताजं म्हावरं नाही. घरात असेल तर सुका बांगडा, सुकट, खारं. आणि नेमक्या याच दिवसांत जमीन भिजते, बिळांत पाणी शिरतं, गांडुळं वर येतात. ओहोळांच्या लाल पाण्याबरोबर ती व्हाळात वाहून जातात. मासे काठालगत येऊन त्यांच्यावर ताव मारतात. पहिल्या पुरात नदीतले मासे उलटे वर चढतात, अंडी घालायला, अगदी भातखाचरांपर्यंत. त्यांना आमच्याकडे चढणीचे मासे म्हणतात, उत्तरेला रायगड-ठाण्याकडं वलगणीचे. म्हणजे आमिष, मासा आणि भूक तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात दाराशी येऊन ठेपतात. ज्याच्याकडे होडी नाही, जाळं नाही, शेतीत लावणीचे दिवस असल्यामुळं हातात पैसाही नाही, त्याच्या ताटात आषाढात ताजा मासा येतो तो या वाटेनं. शेंगटी, मळये, वाम, नशीब असेल तर मरळ. खाडीच्या अंगाला काळुंदर, तांबोशी. आजी म्हणायची, आषाढात गरी घराची चूल राखते. हिशेबाच्या वहीत ही चूल कुठंच नाही.

आणि यासाठी व्हाळ हवा तो माजलेलाच. स्वच्छ काठाच्या, उघड्या ओढ्यात मासा थांबत नाही. केतकीच्या मुळांत त्याला आसरा मिळतो, वरच्या झाडांवरून किडे पडतात, सावलीनं पाणी गार राहतं. अशा जागी जाळं फेकता येत नाही, काठी फिरवून गळ लांब टाकता येत नाही. दोन फांद्यांच्या मधून सरळ खाली सोडायचा, बस्स. शिसं तळाला टेकलं हे बोटाला कळतं. मग तंगूस किंचित ताणून धरायचा. मासा गांडूळ टोचून बघतो ते एक टक्, तोंडात घेतो ते दुसरं. पहिल्या टक्ला ओढलंत तर गेला. हे शब्दांत सांगून येत नाही. मामानं मला ते माझा हात स्वतःच्या हातात धरून शिकवलं, त्याला त्याच्या आईनं तसंच. शिवाय मुळांत अडकलंच तर दगड तुटून जातो, गरी परत येते. लोखंडाची गरी विकत आणावी लागते, दगड फुकट. ही झाली अर्थव्यवस्था.

माजलेल्या व्हाळाचे शत्रूही जुने आहेत. गेळासारख्या झाडांची फळं ठेचून पाण्यात टाकायची आणि गुंगलेले मासे गोळा करायचे, ही युक्ती भारतभर होती. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञानं १८७३ च्या आपल्या सरकारी अहवालात विष, बंधारे आणि बारीक आसाची जाळी यांनी गोड्या पाण्यातले मासे कसे संपतायत हे मांडलं. वर सांगितलेला थॉमसही त्याच मताचा. शेवटी १८९७ साली इंडियन फिशरीज ॲक्ट आला. पाण्यात डायनामाईट फोडणं किंवा विष टाकणं गुन्हा, दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळचे दोनशे रुपये! कायदा चांगलाच होता. पण पोलीस पाटील रात्री केतकीच्या बनात जाऊन बसेल ही अपेक्षा जरा जास्तच. गेळाचं विष काही वेळानं उतरायचं, काही मासे सावरायचेही. त्याची जागा पुढं ब्लीचिंग पावडरनं घेतली. त्यात पिलं, कोळंबी, खेकडे, किडे, सगळंच जातं.

व्हाळात काय होतं हे लिहिलेलंच नसेल, तर त्यातलं काय गेलं हे सांगणार कसं? ही नुसती भावनिक तक्रार नाही. आमच्याच जिल्ह्यात आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचं देऊळ आहे. रोज पर्यटक येतात, कुंडात डोकावतात. त्या पाण्यात बोटभर लांबीचा एक मासा होता, ज्याला विज्ञानात नावच नव्हतं. २०२० साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवळासमोरचा मासा नोंदवायला २०२० उजाडलं. तिथे आमच्या घरामागच्या बिनदेवळाच्या व्हाळाचा नंबर कधी लागायचा?

आचऱ्याबद्दल लोकांनी ऐकलेलं असतं ते गावपळणीमुळं. दर तीन-चार वर्षांनी, ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट घरं सोडून तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत राहतो. टीव्हीवाले येतात, ओस गावाचे फोटो काढतात, कुणी त्याला श्रद्धा म्हणतं, कुणी पर्यावरण. फोटो ओस गावाचे निघतात, मला मात्र भरलेल्या राहुट्या जास्त आवडतात. भजनं, फुगड्या, गजाली, आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या हातात कित्येक वर्षांनी गरी. इस्त्रीच्या पँटी दुमडून बसलेले बँकेतले अधिकारी पहिल्या टक्ला ओढतात आणि पोरांकडून शिव्या खातात. डिसेंबरात नदीचं पाणी निवळ असतं, मासा सावध. पकडलं काय तर फार काही नाही. पण कोण कुठल्या कोंडीत गरवायचा, कुणाच्या आज्यानं कुठे मरळ काढली होती, हे सगळं तेव्हा आपोआप बाहेर येतं. राजाच्या दरबारात पंडितासमोर जसं आलं असेल तसंच, फक्त लिहून घ्यायला कुणी नाही.

म्हणून मी लिहून घ्यायला लागलोय. काही थोर नाही, एक स्प्रेडशीट आहे. कॉलम पाच: कोंडीचं नाव, मासा, महिना, आमिष, आणि शेवटचा कधी मिळाला. आमच्या व्हाळाच्या एका काठाला काही वर्षांपूर्वी सिमेंटची संरक्षक भिंत झाली, तेवढ्या पट्ट्यातली केतकी गेली. भिंतीनं बागा वाचल्या हेही खरं, त्या काठच्या लोकांना विचारलं तर ते भिंतीच्याच बाजूनं बोलतील. त्या पट्ट्यात तीन कोंडी होत्या. शीटमध्ये त्यांची नावं आहेत, जमिनीवर आता त्या नाहीत. एका कोंडीच्या नावावरून मामा आणि शेजारची काकी यांच्यात अजून वाद चालू आहे, म्हणून मी दोन्ही नावं ठेवली आहेत.

पाचव्या कॉलमवर मात्र मामाचा आक्षेप आहे. माहिती द्यायला तो तयार असतो, पण ‘शेवटचा कधी’ म्हटलं की गप्प होतो. मे महिन्यात गेलो होतो तेव्हा फारच खोदून विचारलं, तर म्हणाला, “शेवटचो म्हणजे काय रे? पाऊस तरी पडांदे आधी.” तो कॉलम सध्या अर्धा रिकामा आहे. जुलैत चार दिवस सुट्टी टाकलीय, परसातली एक जागा काजूखाली ओली ठेवायला मामीला सांगून आलोय.